चुन्याची परात

गिरणी संपावर आजवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. भोंगे थांबले, हे सगळ्यांनी सांगितलं. पण भोंगा ज्या वाफेवर वाजायचा, त्या बॉयलरचं संपात काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मी विचारलं, कारण माझे अब्बा परळच्या एका गिरणीत बॉयलर अटेंडंट होते.

१८५६ साली ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि मुंबईत वाफेवर सूत निघू लागलं. वाफेबरोबर भीतीही आली. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालात तपासणीचा कायदा झाला. सबंध देशाला एक कायदा मिळायला मात्र १९२३ उजाडलं. दाखला फार तर वर्षभराचा. म्हणजे चालत्या बॉयलरवर इन्स्पेक्टरचा डोळा असे; बंद बॉयलर त्याच्या माणसाच्या भरवशावर.

आपल्याला वाटतं, बंद यंत्र विश्रांती घेतं. अब्बा म्हणायचे, बॉयलर बंद असतानाच जास्त झिजतो. पाणी थंड झालं की हवा आत शिरते, तिच्यातला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि लोखंड खायला लागतो. पाणी अर्धवट असेल तर त्याच्या रेघेवर देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात. बाहेरच्या बाजूला काजळीतला गंधक असतोच. पावसाळी हवेत त्याचं आम्ल होतं.

उपाय दोन. थोडे दिवस बंद ठेवायचा तर बॉयलर काठोकाठ भरायचा, पाण्यात कॉस्टिक आणि प्राणवायू शोषणारं सोडियम सल्फाइट घालायचं. फार दिवसांसाठी कोमट असतानाच रिकामा करायचा, काजळी खरवडायची, आतून खडखडीत सुकवायचा आणि कळीच्या चुन्याच्या पराती आत ठेवून झाकणं घट्ट आवळायची. चुना ओल पितो, फुलून त्याचा भुगा होतो. मग तो बदलायचा.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, या हिशेबानं अब्बा बॉयलर भरून, औषध घालून आले होते. जून आला. पाण्यातलं औषध एव्हाना संपलं असेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते चाळीतल्या कमिटीवाल्याकडे गेले. "एक दिवस आत जाऊ द्या. संप जिंकल्यावर कामाला लागायला बॉयलर नको का?"

"मियाँ, गेटातून आत गेलेला माणूस कशाला गेला, ते बाहेर कोण विचारतो?" तो म्हणाला. अब्बा गेले नाहीत. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं.

१९८३च्या ऑक्टोबरात सरकारनं तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला. आमची त्यांत नव्हती. ती अर्धीमुर्धी उघडली, तेव्हा बॉयलर भंगारात काढल्याची बातमी जुन्या सोबत्यानं आणली. पत्र्याला पाण्याच्या रेघेवर खड्डे पडले होते. अब्बांना परत घेतलंच नाही. बॉयलर गंजला म्हणून गिरणी बुडाली, असं मी म्हणणार नाही. गिरण्यांच्या बुडण्याला कारणं ढीगभर होती. कमिटीवाल्यालाही दोष देववत नाही. गिरणगावातून उठलेल्या कितीतरी घरांसारखे आम्हीही नालासोपाऱ्याला आलो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. आमच्या इमारतीतला एक मुलगा वालीवच्या कपडे रंगवण्याच्या कारखान्यात छोटा बॉयलर सांभाळायचा. ऐंशीच्या अब्बांनी त्याला गॅलरीतूनच विचारलं, "पाणी काढलंस का रे?"

"चाचा, पंधरा दिवसांत उघडेल."

"आम्हीही असंच म्हटलं होतं."

एप्रिलच्या अखेरीस मालकानं पास आणि कळीचा चुना दोन्ही मिळवलं. पराती कमी पडल्या, म्हणून अम्मीची पीठ मळायची स्टीलची परात गेली. कारखाना पावसाळ्यात उघडला, बॉयलर धडपणे पेटला. परात आली ती तळाला पांढरी होऊन. अम्मीनं पुन्हा तिच्यात पीठ मळलं नाही.