दगडातली गोगलगाय

परवा नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'जीवाश्म' हा धडा दिसला आणि जुनी एक चूक पुन्हा आठवली. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज लिहूनच टाकतो.

गोष्ट १९८४ सालची. मी नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात सातवीला इतिहास शिकवायचो. विज्ञानाचे सर लांबच्या रजेवर गेले आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. मी बी.ए. झालेला, मराठी माध्यमातला. आदल्या रात्री धडा वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचा, असा कारभार. जीवाश्मांचा धडाही तसाच शिकवला. गाळाच्या खडकात जीवाश्म सापडतात, लाव्हापासून झालेल्या खडकात सापडत नाहीत. फळ्यावर लिहिले, मुलांनी उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा दप्तरातून दगड घेऊन आला. त्याच्या घरच्या विहिरीचे काम चालू होते, तिथला. दगड गारगोटीसारखा कठीण आणि त्यात बोटाच्या पेराएवढा शंख.

"सर, पाहा ना, दगडात गोगलगाय आहे."

मी दगड हातात घेतला. शंख स्पष्ट दिसत होता. पण काल मीच फळ्यावर काय लिहिले होते? आपला प्रदेश तर लाव्हाचा, काळ्या पाषाणाचा. मी म्हटले, "अरे, तसा आकार दिसतो नुसता. आपल्याकडच्या दगडात जीवाश्म नसतात. वहीत लिहिलेस ना?" मुले हसली. तो मान खाली घालून जागेवर गेला. पुन्हा वर्गात त्याने काही विचारल्याचे मला आठवत नाही.

पुढे १९९६ साली पेपर तपासायला नागपूरला गेलो होतो, एका नातलगांकडे उतरलो होतो. शेजारी भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक राहत. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक दगड ठेवलेला. त्यात तोच शंख! मी विचारले, तर ते सहज म्हणाले, "ही फायसा. इथल्या तळ्यांतली गोगलगाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची." माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

त्यांनी त्या दिवशी जे समजावून सांगितले ते असे. दख्खनचा लाव्हा एका दिवसात ओतला गेला नाही. एक थर आला, थंड झाला, मग कितीतरी काळ काहीच झाले नाही. त्या मधल्या काळात पाऊस पडला, खोलगट जागी तळी झाली, त्यांत गोगलगायी आणि मासे आले, काठाने झाडे वाढली. तळाशी गाळ साचला. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने सगळे झाकून टाकले. म्हणजे धड्यातले वाक्य खोटे नव्हतेच. जीवाश्म गाळातच होते, फक्त तो गाळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये होता. मुंबईला वरळीच्या टेकडीजवळ अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले.

आणि त्या गोगलगायीचे नाव? फायसा प्रिन्सेपी. ज्या जेम्स प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडली, त्याचेच नाव. प्रिन्सेप मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो!

मग मी स्टीफन हिस्लॉपविषयी मिळेल ते वाचू लागलो. नागपुरात राहून 'हिस्लॉप कॉलेज' हे नाव हजारदा घेतलेले, पण हिस्लॉप कोण हे कधी विचारले नव्हते. हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली नागपूरला आला आणि पुढच्या वर्षी त्याने शाळा काढली. म्हणजे आमच्याच धंद्यातला. १८५१ साली त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला नागपूरच्या पश्चिमेला टाकळीजवळ असे जीवाश्म सापडले. शंख, बिया, फळे, किड्यांचे कठीण पंखसुद्धा. १८५५ साली दोघांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. हिस्लॉपने गोंडांची गाणीही जमवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. वय अवघे ४५.

तो भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नागपूरला आलेला नव्हता, मीही विज्ञानाचा नव्हतो. फरक एवढाच, की त्याने हातातल्या दगडाकडे पाहिले आणि मी फळ्याकडे.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत विज्ञानाचा तास रिकामा असला की मी मागून घेत असे. मुले पिंपळाचे पान जाळी पडेपर्यंत वहीत ठेवतात, ते मागवायचो. एक वही खाली, तिच्यावर पान, वर दुसरी वही. "वह्या म्हणजे लाव्हा आणि पान म्हणजे तळे," असे सांगितले की सातवीच्या मुलांना लगेच समजे. मग सांगायचो, विहीर खणताना निघालेला दगड फेकण्याआधी नीट पाहा आणि मला आणून दाखवा. पुष्कळांनी नुसते गोटे आणले. दोघा-तिघांनी खरे शंख आणले. प्रत्येक दगड मी हातात घेऊन, उजेडात धरून पाहिला.

त्या पहिल्या मुलाला मात्र सांगायचे राहून गेले. दहावीनंतर ते कुटुंब गाव सोडून गेले. आता तोही पन्नाशी ओलांडून गेला असेल. मंडळी, तुमच्यापैकी कोणी त्या काळी आमच्या शाळेत असाल आणि तो मुलगा तुमच्या ओळखीचा असेल, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावे, सर चुकले होते. तुझ्या दगडात खरोखरच गोगलगाय होती.