ग्लुटामीन (अत्यवस्थ रुग्णांच्या आतड्याचे अस्तर)

रक्तात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे मुक्त अमिनो आम्ल. निरोगी माणसाचे शरीर, विशेषतः स्नायू, ते स्वतःच तयार करते. मोठी दुखापत, भाजणे किंवा सेप्सिस अशा वेळी खप वाढतो आणि अनेकदा रक्तातील पातळी घसरते. लहान आतड्याच्या अस्तरपेशींचे ते प्रमुख इंधन आहे, हे विंडम्युलर व स्पेथ यांनी १९७० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले.

हे अस्तर एका पेशीच्याच जाडीचे असते. शेजारच्या पेशी प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. वर श्लेष्म्याचा थर आणि इम्युनोग्लोब्युलिन ‘ए’ ही प्रतिपिंडे पहारा देतात. बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, त्यामुळे रक्तपुरवठा किंवा अन्न तुटले की झीज लवकर सुरू होते. शॉकमध्ये शरीर मेंदू व हृदय वाचवण्यासाठी आतड्याच्या वाट्याचे रक्त कमी करते. सांधे सैल होतात, जंतू व त्यांची विषे लसीका ग्रंथींपर्यंत पोचतात. मीकिन्स व मार्शल यांनी १९८६ मध्ये आतड्याला एकामागून एक अवयव निकामी करणारी ‘मोटर’ म्हटले. प्राण्यांत याचे पुरावे भक्कम आहेत, माणसांत तेवढे नाहीत.

इंधन कमी पडते, तर ते बाहेरून द्यावे, हा विचार स्वाभाविक होता आणि लहान अभ्यासांनी त्याला बळही दिले. पण ‘रेडॉक्स’ चाचणीने (२०१३) चित्र पालटले. डॅरेन हेलँड यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत व्हेंटिलेटरवरील आणि किमान दोन अवयव निकामी झालेले १,२२३ रुग्ण होते. शिरेतून व नळीतून भरपूर ग्लुटामीन मिळालेल्यांपैकी ३२.४ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले; न मिळालेल्यांपैकी २७.२ टक्के. सहा महिन्यांनंतरही मृत्यूंचे प्रमाण जास्तच राहिले. मूत्रपिंडे आधीच बिघडलेल्यांना अपाय अधिक झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले. शिवाय ज्यांची पातळी मोजली होती, त्यांतील बहुतेकांत ती मुळात कमी नव्हतीच. भाजलेल्या रुग्णांबाबत आशा टिकून होती. ‘री-एनर्जाइझ’ चाचणीने (२०२२) सुमारे १,२०० रुग्णांत तीही फोल ठरवली: अपाय नाही, पण फायदाही नाही.

आतड्याच्या रक्षणासाठी दिल्या गेलेल्या दुसऱ्या पूरकाची, म्हणजे प्रोबायोटिकांची (उपकारक मानलेल्या जिवंत जंतूंची), कथा याहून गंभीर आहे. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या २९८ रुग्णांवरील डच ‘प्रोपॅट्रिया’ चाचणीत (२००८) प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी १६ टक्के दगावले, इतरांपैकी ६ टक्के. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. ‘निरुपद्रवी’ हे विशेषण अतिदक्षता विभागात कोणत्याही पूरकाला सहज लावू नये, हे या चाचणीने शिकवले. पुढे २,६५० रुग्णांच्या ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीत (२०२१) व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया प्रोबायोटिकाने टळला नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात प्रोबायोटिक म्हणून दिलेला लॅक्टोबॅसिलस जंतूच सापडला.

आतड्यासाठी आज दिली जाणारी मुख्य गोष्ट साधी आहे: रक्तदाब स्थिरावल्यावर, शक्यतो पहिल्या ४८ तासांत, रायल्स ट्यूबमधून थोडे थोडे अन्न. शॉक आटोक्यात नसताना मात्र घाई करत नाहीत, कारण तेव्हा पूर्ण आहाराने आतड्याच्या रक्तपुरवठ्यावर ताण येतो. नातेवाइकांनी बाहेरून आणलेली पूड किंवा कॅप्सूल डॉक्टर व आहारतज्ज्ञांना न विचारता नळीतून देऊ नये.