खांदेरीचे मायनाक

मंठ्यापासून समुद्र लांब. आपल्यातल्या बहुतेकांनी तो मुंबईला गेल्यावरच पाहिला. त्यामुळे शाळेत शिवरायांच्या आरमाराचा धडा पाठ झाला, पण डोळ्यांपुढे उभा राहिला नाही.

तो उभा राहतो अलिबागजवळ, थळच्या किनाऱ्यावर. समोरचे छोटे बेट म्हणजे खांदेरी. मुंबई बंदरावर नजर ठेवता येईल अशा या बेटावर महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात किल्ल्याचे काम सुरू केले. कामावर होते मायनाक भंडारी. इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्यावर चाल करून एक जहाज पकडले. मराठ्यांची गलबते लहान. पण उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात ती रसद पोचवत राहिली आणि बेटावर तट चढत राहिला. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून माघार घेतली.

पुढे बेट आंग्र्यांकडे आले. १७१८ मध्ये इंग्रजांचा हल्ला कान्होजींच्या माणसांनी परतवला. आज तेथील दीपगृहाला कान्होजींचे नाव आहे. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली.

मायनाकांचे नाव मात्र एका ओळीत संपते. दगड वाहणाऱ्यांची नावे तर कुठेच नाहीत. मित्रहो, या स्मरणिकेत आपण सरांची, बाईंची नावे आदराने लिहितो आहोत. रोज वेळेवर घंटा देणाऱ्या शिपाईमामांचे नावही त्यांच्या शेजारी असू द्या.