भंडारा रोडवरून गेलेली गाडी आणि नगरची दोन घरं

मंडळी, आज थोडं लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

धर्मांतर म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच दोन बाकांवर बसतात. एका बाकावर ‘साहेबांनी देश बाटवला’, दुसऱ्यावर ‘साहेबांनी शाळा-दवाखाने दिले’. दोन्हीकडे बोलणं साहेबाचंच. त्या मिशनच्या बंगल्यात रोजचा दिवस कसा जायचा, चूल कोण पेटवायचं, पगार कोणाच्या नावाने यायचा, हे कोणी विचारत नाही. मला तेच सांगायचं आहे, आणि गोष्ट आपल्याच रुळावरून सुरू होते.

1893 सालची गोष्ट. नारायण वामन टिळक नावाचा तिशीतला कवी नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाला. त्याआधी तो नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे होता. बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी. नागपूर सोडलं की कामठी, आपलं भंडारा रोड, तुमसर रोड, मग गोंदिया. तेव्हा गोंदियाही आपल्याच जिल्ह्यात होतं. वेगळं झालं 1999 मध्ये. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत कवितेवरून बोलणं सुरू झालं ते धर्मावर गेलं. त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. पुस्तक हाती पडलं ते वैनगंगेच्या पुलाअलीकडे की पलीकडे, देव जाणे.  पण 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नाही, तर तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून.

तिथून ते नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले. आता तिथली दोन घरं बघा.

पहिलं घर डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम आणि केटीबाईंचं. आपण यांना ‘परदेशातून आलेले’ म्हणतो. पण रॉबर्ट जन्मले 1847 मध्ये मुंबईत, भायखळ्याला. वडीलही मिशनरी. मुलगा सात वर्षांचा असताना वडील अमेरिकेला परतताना बोटीवरच वारले. रॉबर्ट तिकडे शिकले आणि 1874 मध्ये नगरला आले. पहिली बायको काही वर्षांत गेली. मग लग्न झालं केटी फेअरबँकशी, म्हणजे नेवाशाकडच्या वडाळ्याला आयुष्य घालवलेल्या मिशनऱ्याची मुलगी. दोघांचंही माहेर-सासर हिंदुस्थानातच म्हणा ना! परदेश असला तर तो अमेरिका.

या घराचे दिवस ऋतूवर चालायचे. हिवाळ्यात बैलगाडीत तंबू टाकून गावोगाव हिंडायचं. उन्हाळ्यात महाबळेश्वर किंवा पाचगणी. बाकी वर्षभर शाळा, पाळक तयार करणारी सेमिनरी, प्रार्थना आणि व्हरांड्यात सकाळपासून बसलेली माणसं. कोणाचा अर्ज, कोणाची भांडणं, कोणाचं पोर आजारी. बॉस्टनच्या मंडळाला पत्रं लिहायची आणि उत्तरासाठी महिनोन्‌महिने थांबायचं. मिशनऱ्यांची पोरं शिकायला अमेरिकेला जायची आणि आईबाप इकडे. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला आपली पोरं लांब ठेवायची, हा व्यवहार त्या बायकांनी कसा सोसला असेल? त्या काळात मंडळाच्या कागदांत मिशनऱ्याच्या बायकोला ‘सहायक मिशनरी’ म्हणत. काम पूर्ण वेळाचं, पगार नवऱ्याचा.

1899-1900 चा दुष्काळ आला. छप्पनचा काळ म्हणतात तो. अमेरिकेतून आलेली मदत वाटायचं मोठं काम ह्यूम यांच्याकडे होतं. मिशनने हजारो अनाथ पोरं सांभाळली. 1901 मध्ये सरकारने ह्यूम यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पदक एकाच्या गळ्यात. पण पोरांची भांडी, उवा, खरूज, रात्रीची रडारड, हे पदकात मावत नाही. (जाता जाता: याच मिशनमधल्या चर्चिल नावाच्या इंजिनिअरने नगरला जलद चालणारा हातमाग तयार केला होता. आपल्या मोहाडी-आंधळगावच्या कोष्टी बांधवांनी कधी याची चौकशी करावी.)

दुसरं घर टिळकांचं. इथे मालकीण लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे मुलाला घेऊन नगरला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या धर्माची, छप्पर एकच. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं की जाती माणसानेच केल्या, देवाने नाही. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचं खाणं-पिणं सुरू केलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. आधी सोवळं सुटलं, मग धर्म बदलला. हा क्रम लक्षात घ्या, कारण वाद घालणाऱ्यांच्या तो लक्षात नसतो.

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. पगार आला की कोणाला तरी वाटून मोकळे. पाहुणे, विद्यार्थी, अनाथ पोरं, सगळी घरात. बालकवी ठोंबरेही याच घरी राहून गेले. लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या दिवसांत रोग्यांची सेवा केली. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. तिने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. त्यातले पहिले काही अध्याय टिळकांचे, उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंचे.

आता 1917. ह्यूम सत्तरीचे, टिळक पंचावन्नचे. माणूस या वयात पेन्शनचा हिशेब करतो. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. भजन करायचं, बाप्तिस्मा घेतलेला असो नसो, ज्याला यायचं त्याने यावं. भांडण ह्यूमशी नव्हतं. प्रश्न असा होता की बॉस्टनच्या पैशावर चाललेला धर्म इथल्या माणसाचा कधी होणार? ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचं संपादन मात्र ते शेवटपर्यंत करत राहिले.

नवऱ्याने पगार सोडला ही बातमी बायकोच्या चुलीपर्यंत पोचते तेव्हा तिचा अर्थ वेगळा होतो. टिळकांचं नाव झालं, लक्ष्मीबाईंना डाळ-तांदूळ बघावे लागले. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला टिळक गेले. पन्नाशीची ही बाई मुंबईला मुलींच्या वसतिगृहात मेट्रन झाली. नंतर मुलाकडे कराचीला गेली. 1936 मध्ये वारली.

आणि ह्यूम? 1926 मध्ये, बावन्न वर्षांनी, ते निवृत्त झाले. नियमाप्रमाणे ‘घरी’ जायचं होतं, म्हणजे अमेरिकेला. ज्याचा जन्म भायखळ्याचा आणि उमर नगरात गेली, त्या ऐंशीकडे झुकलेल्या म्हाताऱ्याला परक्या देशात घर शोधायचं होतं. 1929 मध्ये तो तिकडेच वारला.

आपल्या नागपूरच्या स्टीफन आणि इरास्मा हिस्लॉप या स्कॉटिश जोडप्याला तर म्हातारपण दिसलंच नाही. 1845 मध्ये आले, शाळा काढली, दगडांतले जीवाश्म जमवले. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून येताना बोरीजवळच्या नाल्यात हिस्लॉप वाहून गेले. वय पुरं शेचाळीसही नव्हतं. कॉलेज आजही त्यांच्या नावाने आहे. इरास्माबाईच्या नावाने काय आहे, मला अजून सापडलेलं नाही. कोणाला सापडलं तर खाली लिहा.