सोळा एप्रिलची रेघ

मिनेसोटाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या नोबल्स काउंटीचं मुख्य गाव वर्दिंग्टन. तिथला जेबीएस कंपनीचा डुकरांचा कत्तलखाना दिवसाला सुमारे २०,००० जनावरं घेई आणि २,००० हून अधिक माणसांना काम देई. कामगारांत कोरोना पसरला आणि २० एप्रिल २०२० ला कंपनीने कत्तलखाना बेमुदत बंद केला. आठवडाभर आधीच साउथ डकोटातला, सू फॉल्सचा स्मिथफील्डचा कारखाना बंद झाल्याचं जाहीर झालं होतं. विक्रीला आलेलं डुक्कर शेडमध्ये ठेवून भागत नाही. त्याचं वजन वाढत राहतं आणि मागून पिल्लांची पुढची खेप जागा मागते. एप्रिलअखेर वर्दिंग्टनचा एक भाग पुन्हा उघडला, तो जनावरं केवळ मारून टाकण्यासाठी.

या आठवड्यांत सरकारने पशुपालकाला काय दिलं, हे तपासताना मला दोन कागद सर्वांत मोलाचे वाटतात: मे २०२० मध्ये अमेरिकेच्या राजपत्रात छापलेला नियम आणि एडी-३११४ हा अर्जाचा नमुना. १९०० कोटी डॉलरच्या मदतीची घोषणा १७ एप्रिलची. त्यातले १६०० कोटी थेट शेतकऱ्यांना. अर्ज २६ मेपासून घेतले गेले. पुरावा आधी जोडायचा नव्हता. शेतकऱ्याने स्वतः आकडे भरून सही करायची आणि मागितल्यास कागद दाखवायचे. एका व्यक्तीला कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर.

डुकरांचे रकाने दोन काळांचे होते. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या, १२० पौंडांहून कमी वजनाच्या पिल्लामागे २८ डॉलर, त्याहून मोठ्या जनावरामागे १८. पुढे १६ एप्रिल ते १४ मे यांमधला, शेडमध्ये सर्वाधिक जनावरं असलेला एक दिवस शेतकऱ्याने निवडायचा आणि त्या दिवशीच्या प्रत्येक जनावरामागे १७ डॉलर घ्यायचे. या तारखा कत्तलखान्याच्या तारखांशेजारी मांडल्या की गफलत दिसते. वर्दिंग्टन बंद पडलं ते दुसऱ्या काळात. करार नसलेला, रोजच्या बाजारभावाने विकणारा शेतकरी खरा कोसळला तो तेव्हाच, आणि त्याच्या हाती पडले जनावरामागे तेच १७. हा माझा तर्क आहे, पण त्याला सरकारी दुजोरा मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये कृषी खात्याने अशाच विक्रेत्यांसाठी वेगळी योजना काढली. १६ एप्रिल ते १ सप्टेंबर २०२० मधल्या विक्रीसाठी तिचा दर होता जनावरामागे ५४ डॉलर.

मारून टाकलेल्या डुकरांसाठी २०२० च्या अर्जात रकानाच नव्हता. निवडलेल्या दिवशी ती जिवंत असतील तर मोजली जात, आणि मग त्या अर्जावरून ती विकली की पुरली हे कळत नाही. त्यांची स्वतंत्र नोंद जुलै २०२१ च्या भरपाई योजनेत सापडते: बाजारमूल्याच्या ८० टक्के, त्याच जनावरांवर आधी मिळालेली रक्कम वजा करून. संशोधकाने दोन्ही नोंदींची बेरीज केली, तर ती जनावरं दोनदा मोजली जातील.

आणखी एक माणूस पहिल्या कागदात नाही. या भागात अनेक शेतकरी शेड स्वतःची, डुकरं कंपनीची अशा करारावर काम करतात. भावाची जोखीम ज्याची त्यालाच मदत, या अटीमुळे कर्ज काढून शेड बांधलेला, पण नवी खेप न आल्याने रिकामा बसलेला माणूस बाहेर राहिला. २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने त्याला वाट करून दिली आणि त्याच्यासाठीचे नियम यायला ऑगस्ट २०२१ उजाडला. म्हणून २०२० च्या यादीत नाव नाही, यावरून नुकसान झालं नाही असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

कत्तलखान्याच्या कामगारांची नावं तर शेतकऱ्यांच्या कोणत्याच यादीत येणार नाहीत. कत्तलखाना बंद पडला होता तो त्यांच्यात पसरलेल्या आजारामुळेच. त्यांच्यासाठी आणि शेतमजुरांसाठी माणशी ६०० डॉलरपर्यंतच्या मदतीची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. ते पैसे सरकारने थेट न देता संस्थांमार्फत वाटायचे ठरवले, त्यामुळे त्यांचा माग त्या संस्थांच्या दप्तरांत काढावा लागेल.