मोटारगाडी उद्योग, महाराष्ट्रातील

प्रवासी मोटारगाड्यांची जुळणी व निर्मिती करणारा राज्यातील उद्योग. त्याचा आरंभ १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत सुरू केलेल्या जुळणीने, म्हणजे आयात केलेले सुटे भाग जोडून गाडी उभी करण्याच्या कामाने, झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे आधी क्राइसलरच्या गाड्या जुळवल्या आणि पुढे फियाटच्या परवान्याखाली भाग देशातच घडवीत नेले. याच परंपरेतून ‘प्रीमियर पद्मिनी’ आली (पहा : वालचंद हिराचंद). १९९१ च्या उदारीकरणानंतर अंबरनाथलगतच्या कल्याण-डोंबिवली परिसरात ‘प्यूजो ३०९’ तयार होऊ लागली, तर १९९८ मध्ये टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) पुण्यातून स्वतःच्या आराखड्याची ‘इंडिका’ आणली. जुळणीकडून परवान्याखालील निर्मितीकडे व तेथून स्वतःच्या आराखड्याकडे झालेले संक्रमण हे या उद्योगाचे महत्त्व होय (पहा : औद्योगिक वसाहती).