रक्त आलं नाही म्हणजे लागलं नाही? धसकटापासून मुक्या मारापर्यंत दुखापतींचे प्रकार

तुरीची कापणी झाली की शेतात धसकटं उरतात. विळ्याचा काप तिरपा बसतो, त्यामुळे प्रत्येक धसकटाला भाल्यासारखं टोक येतं. अमरावती-अकोल्याच्या शेतात हे टोक कधी चपलेच्या तळव्यातून थेट पायात घुसतं. रक्ताचे चार थेंब येतात, थोडी माती दाबली जाते आणि काम पुढे सुरू होतं.

दुसरीकडे, दुचाकीवरून घसरलेल्या माणसाचे कोपर आणि गुडघे सोलून निघतात, कपडे रक्ताने भरतात, घरचे हादरतात. डॉक्टरांच्या नजरेतून मात्र यातली पहिली जखम जास्त जपण्यासारखी असते.

उघडी जखम

त्वचा फुटली तर उघडी दुखापत, त्वचा शाबूत राहून आत नुकसान झालं तर बंद दुखापत. ही ढोबळ विभागणी आहे.

उघड्या जखमांमध्ये सगळ्यात साधं ते खरचटणं. त्वचेचा वरचा थर घासून निघतो. तिथे मज्जातंतूंची टोकं उघडी पडत असल्याने आग खूप होते, पण स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुतलं तर बहुतेक वेळा ते आपोआप भरून येतं. विळा किंवा काचेने झालेल्या कापाच्या कडा सरळ असतात, त्यामुळे टाके चांगले बसतात. दगडावर आपटून किंवा यंत्रात सापडून त्वचा फाटते तेव्हा कडा वेड्यावाकड्या होतात आणि जखमेत घाण अडकून राहते.

धसकट, काटा, खिळा यांची जखम टोचलेली म्हणतात. तोंड लहान, खोली जास्त. धनुर्वाताच्या जंतूंना नेमकी अशी हवा न पोचणारी जागा लागते. हे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. लोखंड गंजलेलं असल्यामुळे धनुर्वात होतो हा समज चुकीचा आहे. गंज नसलेल्या तुराटीनेही तो होऊ शकतो. लक्षणं साधारण 3 ते 21 दिवसांनी दिसतात, म्हणजे जखम विसरून गेल्यावर. आधी जबडा आखडतो. जखमेवर माती, शेण, चुना किंवा तंबाखू दाबणं म्हणूनच घातक. लसीचा शेवटचा डोस 5 वर्षांपूर्वीचा असेल आणि जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल, तर पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागतं.

बोट तुटलं तर

सोयाबीनच्या हंगामात थ्रेशर आणि एरवी कडबाकुट्टी, या दोन्हींत बोटं जातात. कुट्टीच्या पात्याने सफाईदार तुटलेलं बोट जोडलं जाण्याची शक्यता जास्त, थ्रेशरमध्ये चिरडलेल्याची कमी. तुटलेला भाग पाण्याने हलका धुवावा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवलं तर पेशी गोठून मरतात. जखमेवर कापड घट्ट दाबून हात वर धरावा आणि 108 ला फोन करावा.

न दिसणारी जखम

बंद दुखापतींमध्ये पहिला मान मुक्या माराचा. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, काळंनिळं होतं, सूज येते. हातापायावर हे किरकोळ असतं. पण बैलाने पोटात लाथ मारली किंवा दुचाकीचं हँडल बरगडीखाली लागलं, तर आतली प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं आणि वर साधा डागही नसतो. पोट टणक होणं, चक्कर, थंड घाम ही धोक्याची खूण.

डोक्याचंही तसंच. पडलेला माणूस उठतो, बोलतो, चहा घेतो आणि काही तासांनी त्याची शुद्ध हरपते. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असतं. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर “झोपू द्या, बरं वाटेल” म्हणू नये.

मुरगळणं म्हणजे सांध्याचे अस्थिबंध ताणले जाणं. अमरावती हे व्यायामाचं गाव. 1914 साली इथे सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. अशा भागात मुरगळल्यावर तेल लावून रगडणारे हात घरोघरी असणारच. पण पहिले दोन दिवस मालिश आणि शेक दोन्ही नको. बर्फ कापडात गुंडाळून लावावा, पाय उंच ठेवावा. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलं असण्याची शक्यता धरून एक्स-रे काढावा.

कायदा काय म्हणतो?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं ते दिलं आहे. तिथेही रक्त किती वाहिलं हा निकष नाही. हाड किंवा दात मोडला, सांधा निखळला, डोळा किंवा कान कायमचा गेला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, तर दुखापत गंभीर ठरते. जिवाला धोका निर्माण झाला किंवा 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या, नेहमीची कामं करता आली नाहीत, तरीही.

म्हणून मारहाणीच्या प्रकरणात डॉक्टर जखमेचा प्रकार, लांबी-रुंदी आणि डागाचा रंगही लिहून ठेवतात. ताजा मार लालसर-निळा दिसतो, मग हिरवट आणि शेवटी पिवळा. तासाभरापूर्वीच्या भांडणात पिवळा डाग उमटत नाही.